गाडीचा घड आणि बक्षिसाची पुस्तकं

धुळ्याच्या मुलांसाठी आलेली बक्षिसाची पुस्तकं मी कुलपात ठेवली होती. उंदरांपासून नाही, वाळवीपासून नाही, मुलांपासून. आणि त्या कुलपाची किल्ली काळ्या गोफात ओवून गळ्यात घालून गावभर मिरवत होते.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण माझी परदेशातली लेक हल्ली तिच्या मैत्रिणींना सांगत सुटली आहे की, आमची आई म्हणजे लहान मुलांच्या पुस्तकांतली मोठी जाणकार. नातीच्या शाळेतून दर सुट्टीला तिच्याकडं पुस्तकांची यादी येते. तीन ते पाच वयाची वेगळी, सहा ते आठची वेगळी, नऊ ते बाराची वेगळी, आणि ज्यांना बक्षीस मिळालं त्यांच्यापुढं चांदणी. लेक ती यादी फोनवर वाचून दाखवते आणि विचारते, यातलं कुठलं घेऊ. मी आधी खोकते. मग अगदी वजनदार आवाजात एखादं नाव सांगते. खोकल्यामागं हसू लपवलेलं असतं, ते तिला सातासमुद्रापार ऐकू जात नाही.

तेव्हा तुम्ही जे मळ्यात मागं राहिलात, आणि तुम्ही जे माझ्यासारखेच पत्र्याची ट्रंक उचलून बाहेर पडलात, ते सगळे ऐका. ही जाणकार बाई धुळ्यात आली तेव्हा कशी होती ते मीच सांगते. दुसऱ्या कुणी सांगण्यात काय मजा.

आमचं गाव नशिराबादच्या पुढं. विहिरीचं पाणी पाटानं केळीत शिरायचं, त्याचा आवाज कानात घेऊनच आम्ही भावंडं झोपायचो आणि उठायचो. घरातलं सगळं केळीच्या तालावर. लग्नाची तारीखसुद्धा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, कापणी बघूनच धरली होती. आमच्याकडं घडांचे दोन प्रकार होते. एक गाडीचा घड आणि दुसरा घरचा. गाडीचा म्हणजे जो जळगाव स्टेशनावर मालगाडीच्या डब्यात चढून दिल्लीकडं जायचा. त्याचं प्रत्येक केळ सरळ, देठ ताठ, अंगावर ओरखडा नाही. घरचा म्हणजे उरलेला, वाकडा, जुळ्या केळांचा, बैलाची शेपटी लागलेला. आम्ही पोरं गाडीच्या घडाकडं नुसतं बघितलं तरी माय स्वयंपाकघरातून म्हणायची, "ते गाडीचं हाये, हात लावू नको." ती बघत नसली तरी म्हणायची. आम्ही कुठं उभे आहोत हे तिला चुलीपुढं बसून कळायचं. दिल्लीची माणसं कशी असतील याचा मी लहानपणी फार विचार करायचे. आमची सगळी चांगली केळी खाणारी माणसं दिसायलाही तशीच असणार, सरळ आणि बिनडागी, असं माझं ठाम मत होतं.

मी धुळ्याला निघाले तो दिवस कापणीचाच होता. स्वातंत्र्य येऊन काही वर्षं झाली होती. आमचे हे धुळ्याला एका शाळेत मास्तर लागले होते, दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या आणि जळगावच्या एसटी स्टँडवर मला न्यायला येणार होते. स्टँडपर्यंत पोचवायला वेगळी गाडी जोडायची कशाला, केळीची गाडी जातेच आहे, असं आबांनी ठरवलं. तेव्हा मी सासरी गेले ती केळीच्या घडांच्या कडेला बसून. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. मी रडत होते. चांगलं हंबरडा फोडून, शेजारच्या मळ्यातल्या बायका बघायला याव्यात असं. सातवी फायनल पास झालेली मुलगी होते मी, रडणंसुद्धा पहिल्या नंबरानं पास व्हावं अशी माझी तयारी होती.

आबा गाडीपाशी आले. मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. त्यांनी माझी ट्रंक बघितली आणि म्हणाले, "ट्रंक घडावर नको ठेवू. केयीले डाग पडीन."

मी ट्रंक मांडीवर घेतली. जळगावपर्यंत ती मांडीवर होती. पायाला मुंग्या आल्या, पण त्यापेक्षा जास्त राग आला. बाप लेकीला निरोप देतो आहे आणि काळजी कुणाची, तर दिल्लीकरांच्या केळांची. ते वाक्य मी धुळ्याला बरोबर घेऊन गेले. ट्रंकेत नाही मावलं म्हणून डोक्यात ठेवलं.

धुळं मला आधी अजिबात आवडलं नाही. रस्ते सरळ, ऊन सरळ, माणसं बोलायला त्याहून सरळ. आमच्याकडं 'हाये' तर इथं 'शे'. आमच्याकडं 'सगळं' तर इथं 'बठ्ठं'. बाजारात शेंगा, कापूस, मिरची, सगळं होतं, पण केळीची बाग नव्हती. पाटाचा आवाज नाही म्हणून मी नळ बारीक सोडून ठेवायचे. नळाला पाणी यायचं तासभर, म्हणजे माझं माहेर तासभर. घरमालकीणबाईंना ते कळलं तेव्हा त्यांनी माझं नाव केळीवाली ठेवलं. एका परीनं बरंच झालं, निदान कुणी तरी मला कुठून आले ते लक्षात ठेवून हाक मारत होतं.

आता पुस्तकांकडं येते. आमच्या गल्लीच्या टोकाला एक सार्वजनिक वाचनालय होतं. त्याचे चिटणीस नाना, म्हातारे वकील. त्यांच्या मनात आलं की, मुलांसाठी वेगळा विभाग काढावा. सरकारनं नुकतीच मुलांच्या चांगल्या पुस्तकांना बक्षिसं द्यायला सुरुवात केली होती आणि तसल्या पुस्तकांची एक पेटी वाचनालयाला मिळणार होती. पण मुली यायला हव्यात तर तिथं बाईमाणूस हवं, असं नानांचं म्हणणं. दुपारी दोन तास बसायचं, पुस्तकं द्यायची-घ्यायची. आमच्या ह्यांनी माझं नाव सुचवलं. मी इतकी हरखले की, त्या दिवशी आमटीत मीठ दोनदा पडलं आणि ह्यांनी ती तशीच खाल्ली.

एक अडचण होती. मुलांसाठी जी खोली ठरली होती तिथं वारा फार छान यायचा. गावातले चार-पाच वडीलधारे दुपारी तिथं वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपायचे. त्यांना ती खोली सोडवेना. कमिटीत भांडण झालं. शेवटी नानांनी तोडगा काढला: दिवाळीच्या आधी शिक्षण खात्याचे साहेब विभाग बघायला येतील. त्यांना काम पसंत पडलं तर खोली मुलांची आणि पुढची पेटीही येईल. नाही पसंत पडलं तर खोली परत झोपणाऱ्यांची. म्हणजे माझी पुन्हा दिवसभर घरमालकीणबाईंच्या शेजारची खोली, आणि तासभराचा नळ.

पेटी आली. ती उघडली तेव्हा आत गवत होतं, आणि गवतात पुस्तकं. आमच्याकडं घड गाडीत रचतात तेव्हा खाली सुकी केळीची पानं अंथरतात, अगदी तसं. नव्या शाईचा आणि खळीचा वास असा नाकात शिरला की, मला शिंक आली आणि रडूही आलं. एवढी देखणी पुस्तकं मी जन्मात बघितली नव्हती. रंगीत वाघ, रंगीत आगगाडी, आकाशातले ग्रह. आणि सगळ्यात वर एक जाड पुस्तक. मुखपृष्ठावर नदी, नदीत होडी, होडीत एकटी मुलगी, तिच्या हातात कंदील. कोपऱ्यात बक्षिसाचा गोल सोनेरी कागद चिकटवलेला. मी बोट पुढं केलं आणि मागं घेतलं. चुलीपुढून कुणी तरी बोललं, ते गाडीचं हाये.

झालं. सोनेरी कागदवाली सगळी पुस्तकं मी काचेच्या कपाटात मुखपृष्ठं दिसतील अशी ओळीनं लावली आणि कुलूप घातलं. मुलांना वाचायला काढली ती वाचनालयाची जुनी, पाठीची शिवण उसवलेली, कुणाचं पहिलं पान नाही, कुणाचं शेवटचं नाही. म्हणजे घरचा घड. नानांना माझी व्यवस्था फारच आवडली. इतकं नीटनेटकं कपाट उभ्या वाचनालयात नव्हतं. आमचे हे मात्र एकदा येऊन बघून गेले आणि घरी जेवताना म्हणाले की, तुला मुलांच्या विभागात नेमलंय की राखणीला, ते एकदा नानांना विचारून घे. मी त्यांना त्या दिवशी भाकरी कमी वाढली.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पेटीबरोबर चिठ्ठ्या आल्या होत्या: ही पुस्तकं वय पाच ते सात, ही आठ ते अकरा, ही बारा ते पंधरा. जुन्या पुस्तकांनाही मी तेच वर्ग लावले. आता मुलांची वयं कुठून आणू? शाळेच्या दाखल्यावर निम्म्या गावाचा जन्म एक जूनचा. आयांना विचारावं तर एक म्हणे पांझरेला पूर आला त्या साली, दुसरी म्हणे आमची म्हैस मेली त्याच्या पुढच्या वर्षी. मग केळीवालीनं केळीवालीचं डोकं चालवलं. घड कुठल्या डब्यात जायचा हे आमच्याकडं आकारावर ठरतं. मी दाराच्या चौकटीवर गेरूनं तीन रेघा मारल्या. पहिल्या रेघेखाली असेल तो पाच ते सात. दुसरीखाली आठ ते अकरा. वर गेला तो मोठा. मूल दारात आलं की आधी चौकटीला पाठ लावून उभं राहायचं, मग पुस्तक.

पैलवानाचा मुलगा पहिलीत होता, अंगानं बापावर गेलेला. त्याला मी शास्त्रज्ञांच्या चरित्रांचा ठोकळा दिला. तो त्यानं खिडकीखाली ठेवला आणि त्यावर उभा राहून रस्त्यावरचे टांगे बघितले. त्याला ते पुस्तक इतकं आवडलं की, आठवडाभर त्यानं बदललं नाही.

आणि विमल. विमलची आई तेलाच्या घाण्यावर शेंगा फोडायला जायची, विमल धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन वाचनालयात यायची. अंगानं चिमणीएवढी, पण सातवीत होती आणि वाचायला लागली की तिच्या भुवया मोठ्या माणसासारख्या जवळ यायच्या. माझ्या पहिल्या रेघेपेक्षा ती जेमतेम वर. कडेवर बहीण असली की पाय वाकायचे आणि ती रेघेखाली जायची. मग मी तिला कोंबडी आणि पिल्लांचं चित्रांचं पुस्तक द्यायचे. तिनं ते निमूटपणे नेलं, आणलं. दुसऱ्यांदा नेलं, आणलं. तिसऱ्यांदा टेबलावर ठेवलं, काचेच्या कपाटाकडं बोट केलं आणि मला विचारलं, "हाई पुस्तक बठ्ठासनं शे, मंग कपाटमा कसाले ठेयेल शे?"

सगळ्यांचं आहे तर कपाटात कशाला ठेवलंय. बरोबर प्रश्न होता. मी तिला सांगितलं की, ही बक्षिसाची पुस्तकं आहेत, यांना हात लावायचा नसतो. ती म्हणाली की बक्षीस पुस्तकाला मिळालंय का कपाटाला. मी तिला जागेवर बसायला सांगितलं.

ती बसली, पण कपाटासमोर. बहिणीला मांडीवर घेऊन काचेतून त्या कंदीलवाल्या मुलीकडं बघत. थोड्या दिवसांनी तिच्याभोवती मुलं जमायला लागली. मी टेबलावरून बघायचे, विमल काही तरी हळू आवाजात सांगते आहे, मुलांची तोंडं उघडी. मला वाटलं, घरच्या म्हातारीनं सांगितलेली गोष्ट असेल. वाचनालयात बोलू नये म्हणून मी मधूनमधून टेबलावर पट्टी आपटायचे. मुलं पट्टीच्या आवाजानं दचकायची आणि पुन्हा तोंडं उघडी.

आता माझी आणखी एक लबाडी सांगते. मुलं गेली की मी कपाट उघडायचे आणि कंदीलवालं पुस्तक काढायचे. त्या काळी काही पुस्तकं पानं न कापताच यायची, वरून आणि कडेनं पानं एकमेकांना जोडलेली. हे तसलंच. सुरीनं कापल्याशिवाय निम्मी पानं उघडायची नाहीत. पण कापायचं म्हणजे गाडीचा घड फोडायचा. मग ही सातवी फायनल पास विदुषी काय करायची? जोडलेल्या पानांची दुमड फुगवून, त्यात नाक खुपसून, एक डोळा मिटून आतलं वाचायची. कोंबडी हौदात चोच घालते तसं. दिसेल तेवढं वाचायचं, न दिसेल तेवढं मनानं जोडायचं. त्या मुलीनं होडी सोडली हे मला कळलं. ती का निघाली, ते ज्या पानावर होतं ते काही केल्या दिसेना. मान दुखायची. पण सोडवत नव्हतं, कारण तीही कुठून तरी निघालेली होती.

साहेब येणार त्या दिवशी मी कपाटाच्या काचा लिंबानं पुसल्या. दाराला आंब्याची पानं बांधली. नाना नवं धोतर नेसून आले. झोपणारे वडीलधारेही आले आणि खिडकीपाशी रांगेनं बसले, खोली रिकामी होण्याची वाट बघत. साहेब उंच, किडकिडीत, चष्मेवाले. आधी दारातच अडखळले. गेरूच्या रेघा बघून त्यांनी विचारलं की, हे काय. मी माझी पद्धत सांगितली. ते चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि विचारलं, मला कुठलं पुस्तक मिळेल. मुलं फिदीफिदी हसली. मला वाटलं, साहेब खूश आहेत.

मग ते मुलांमध्ये बसले आणि विचारलं, बक्षिसाच्या पुस्तकांपैकी कुठलं आवडलं. मुलांनी एका सुरात सांगितलं, कंदीलवालं. साहेब म्हणाले, सांगा बघू गोष्ट. मुलांनी विमलला पुढं ढकललं.

आणि विमलनं गोष्ट सांगितली. काय सांगितली म्हणून सांगू. नदी कशी फुगली, मुलीच्या बापानं तिला काठावर सोडून आधी गाई-म्हशी पलीकडं कशा नेल्या, तिनं रागानं दुसरी होडी कशी सोडली, कंदील वाऱ्यानं विझू नये म्हणून स्वतःचे केस कसे आडवे धरले. तिच्या कडेवरची बहीणसुद्धा रडायची थांबली. खिडकीपाशी बसलेले वडीलधारे पुढं सरकले, त्यातले एक उठून मुलांच्या बाकावर येऊन बसले. शेवटी ती मुलगी पलीकडच्या काठाला लागते, परत जात नाही, तिथंच चुरमुऱ्यांचं दुकान टाकते आणि बाप आला की त्याला चुरमुरे देते, पण पैसे मागून घेते.

साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. हसून की कसं, मला कळलं नाही. मला म्हणाले, ते पुस्तक जरा द्या. मी गळ्यातली किल्ली काढली. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी घटका. कपाट उघडलं, पुस्तक दोन्ही हातांवर घेऊन, देवापुढं ताट धरतात तसं, त्यांच्यापुढं धरलं आणि ताठ मानेनं सांगितलं, "साहेब, आल्यापासून एकाही मुलाला हात लावू दिलेला नाही."

साहेबांनी पुस्तक उघडायला बघितलं, ते उघडेना. त्यांनी जोडलेल्या पानांवरून अंगठा फिरवला. नानांनी नव्या धोतराचा सोगा तोंडाला लावला.

"हे कुणासाठी ठेवलंत बाई?" साहेबांनी विचारलं.

"तुमच्यासाठी," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार, खरंच त्यांच्यासाठी ठेवलं होतं. चांगलं ते आपलं नसतं, कुठल्या तरी लांबून येणाऱ्या माणसाचं असतं, एवढंच मला येत होतं.

"मी वाचलंय हे," ते अगदी हळू म्हणाले. "बक्षीस ठरवायला जे बसले होते त्यांत मी होतो. यातली मुलगी शेवटी घरी परत येते. आमच्या या मुलीच्या गोष्टीतली दुकान टाकते." आणि त्यांनी विमलकडं बघितलं. "पुस्तक न उघडता जिनं एवढं वाचलं, तिला उघडून दिलं असतं तर तिनं काय केलं असतं हो?"

मला जमिनीत जावंसं वाटलं. वारा छान येत होता. वडीलधाऱ्यांपैकी एकानं घसा खाकरला, आता खोली आमची असा. साहेबांनी सुरी मागितली. माझ्या पिशवीत भाजीची सुरी होती, माहेरची, केळफूल सोलायची. ती त्यांनी विमलच्या हातात दिली, पान कसं धरायचं, सुरी कशी सपाट घालायची ते दाखवलं, आणि तिनं पहिलं पान कापलं. फर्र. तो आवाज अजून माझ्या अंगावर काटा आणतो, आनंदाचा. मग सगळी मुलं तुटून पडली. एकानं धरायचं, एकानं कापायचं, कागदाचा भुसा सगळीकडं. कुलपातली सगळी पुस्तकं बाहेर आली. पैलवानाच्या मुलाला रंगीत वाघ मिळाला आणि तो खिडकी विसरला. खाकरणारे आजोबा ग्रहांचं पुस्तक घेऊन बसले, ते तोंडावर न घेता. आणि मी? मी विमलच्या खांद्यावरून वाकून ते पान वाचलं, जे दुमडीत कधी दिसलं नव्हतं. ती मुलगी का निघाली ते. सांगत नाही. वाचायचं असतं.

निघताना साहेबांनी नानांना सांगितलं की, दिवाळीच्या आधीचा निकाल राहू द्या. ही पुस्तकं वाचून वाचून फाटली की मला कळवा, पुढची पेटी पाठवतो. उन्हाळ्यापर्यंत कोरीच राहिली तर खोली वडीलधाऱ्यांना देऊन टाका. मग मी काय केलं असेल? रेघा पुसल्या. ज्याला जे उचलावंसं वाटेल ते उचलू दिलं, झेपलं नाही तर परत आणू दिलं. किल्ली विहिरीत टाकावी असं वाटलं होतं, पण कपाट वाचनालयाचं होतं. मुलांच्या हाताला चिंच लागलेली असायची, गूळ लागलेला असायचा. प्रत्येक डागाला माझ्या काळजात कळ यायची आणि दुसऱ्या क्षणी पुढची पेटी दिसायची. पहिलं पुस्तक शिवणीतून सुटलं त्या दिवशी आम्ही शेव-मुरमुरे वाटले.

त्याच सुमारास आबा आले. धुळ्याला पहिल्यांदाच. एसटीतून उतरले ते वाटभर मांडीवर घेतलेलं, उपरण्यात गुंडाळलेलं काही तरी सांभाळत. कंडक्टरनं त्याचं वेगळं तिकीट फाडलं म्हणून तणतणत होते. मी त्यांना थेट वाचनालयात घेऊन आले, माझा थाट दाखवायला. ते लहान मुलांच्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसले. आजूबाजूला मुलं उताणी, पालथी, पुस्तकांत. विमल कंदीलवालं पुस्तक धाकटीला वाचून दाखवत होती, धाकटी त्याचा कोपरा चावत होती. मी धावले नाही. कपाट, साहेब, भाजीची सुरी, सगळं आबांना सांगितलं. घरच्या आणि गाडीच्या घडाचं सांगताना मी हसत होते, ते हसले नाहीत.

आबांचं पुढचं सांगण्याआधी एक मधलंच सांगते. लेकीच्या घरी परदेशात गेले होते तेव्हा बघितलं, तिकडं प्रत्येक केळावर छोटा गोल कागद चिकटवलेला असतो. नात तो काढते आणि स्वतः रंगवलेल्या चोपडीवर लावते, म्हणते, आजी, मला बक्षीस मिळालं. ती केळी कुठल्या बागेतली, कुणाच्या पोरांनी त्यांच्याकडं नुसतं बघितलं, कुणास ठाऊक. मी एक सोलते, अर्धं तिला देते. दर वर्षी आमच्या मळ्यात जाऊन येते, धुळ्यातल्या त्या खोलीच्या खिडकीपाशीही उभी राहून येते. घर कुठलं म्हणून कुणी विचारलं तर गोंधळते. नशिराबादच्या पुढचं सांगू, धुळं सांगू, की लेकीचं? मग वाटतं, जिथं चांगलं ते लांबच्या माणसासाठी राखून न ठेवता आपल्यातच फोडलं गेलं, तिथं तिथं मी घरी होते. अशी पहिली जागा ती वारा येणारी खोली.

कारण आबांनी उपरणं सोडलं तेव्हा आत घड होता. प्रत्येक केळ सरळ, देठ ताठ, अंगावर ओरखडा नाही. नुसता बघून मी दोन पावलं मागं सरले. म्हटलं, आबा, हा तर गाडीचा आहे, इथं कशाला आणलात, पोरं हात लावतील. आबांनी घड त्या बाकावर, पोरांच्या मधोमध ठेवला आणि माझ्याकडं न बघता म्हणाले,

"तुह्या जायच्या दिवशी असाच एक तुले द्यायचं मनात व्हतं माय, मीच हात मागं घेतला. लावू दे पोरायले हात. डाग पडला त पडू दे."